दापोली, वाई की सावंतवाडी? आधी आषाढात जाऊन या

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं डोंबिवलीला राहतो. मी ५८ वर्षांची, शाळेतून नुकतीच निवृत्त झाले. हे ६२ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत ठीक. मुलगा कॅनडात, दर डिसेंबरला येतो. महाराष्ट्रातल्या तुमच्या सगळ्यात आवडत्या जागा कोणत्या, आणि त्यातल्या एखाद्या ठिकाणी कायमचं राहायला जावं का? आमच्या डोक्यात दापोली, वाई आणि सावंतवाडी आहेत. तिन्हीकडे दोन-दोनदा जाऊन आलोय, तिन्ही आवडलीत."

ताई, तुम्ही एका दमात विचारलंत, पण प्रश्न दोन आहेत. आवडती जागा कोणती, हे मला झोपेतून उठवलंत तरी सांगेन. राहायला कुठे जावं, हे सांगायच्या आधी मात्र यांचे गुडघे, तुमचा मुलगा आणि तुम्ही त्या गावात कुठल्या महिन्यात गेला होता, एवढं बघावं लागतं. मी २६ वर्षं महाराष्ट्रात छोट्या सहली नेतोय. एका गाडीत मावतील एवढीच माणसं, बारा-तेरा. त्यातली बरीच कुटुंबं पुढे "दादा, इथंच एखादं घर बघून द्या" म्हणत परत आली. काहींना बघून दिलं, काहींना नको म्हटलं, आणि तिघांचं सामान परत मुंबईच्या टेम्पोत चढवतानाही मीच उभा होतो. गाव त्या तिघांनाही मनापासून आवडलं होतं. फक्त त्यांनी ते डिसेंबरात पाहिलं होतं.

तुम्ही महिना लिहिलेला नाही. माझा अंदाज, दिवाळीची सुट्टी, नाहीतर मुलगा आला तेव्हा. शाळेची नोकरी म्हणजे एखादी खेप मे महिन्यातही झाली असेल. आषाढात गेला नसणार. आषाढात कोण जातं?

कोकणातला पावसाळा सुरू होतो तो एप्रिल-मे महिन्यात, घराच्या छपरावर. माणूस वर चढतो, कौलं उतरवतो, फुटकी बाजूला काढतो, वाशांवरचा पाचोळा झाडतो, कुजलेली रीप बदलतो आणि पुन्हा ओळीनं कौलं लावत खाली येतो. याला शाकारणी म्हणतात. पूर्वी घरातलेच दोघं-तिघं करायचे. ते आता नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला असतात, आणि गावात कौलांवर चढणारा एखादाच उरलाय, त्याचीही साठी उलटलेली. वेळेवर सांगून ठेवलं नाही तर तो मिळत नाही. दापोलीजवळच्या एका ओळखीच्या काकूंकडे तो एका वर्षी २ जूनला उगवला. निम्मं छप्पर उघडं असताना दुपारी आभाळ फाटलं. त्या रात्री माजघरात घमेली, पातेली, पूजेची परात, जे हाताला लागेल ते मांडून आम्ही चौघं जागे होतो. पुढच्या वर्षी काकूंनी सगळ्या घरावर निळा पत्रा घातला. दिसायला भिकार दिसतो, पण मी त्यांना एका शब्दानं नावं ठेवली नाहीत.

मग जुलै. सलग दहा-दहा दिवस कपडे वाळत नाहीत. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काडेपेटी सादळते, कपाटातल्या कोल्हापुरी चपलेवर हिरवी बुरशी येते. पैठण्या असतील तर डोंबिवलीतच बहिणीकडे ठेवून जा. वीज गेली की थोड्या वेळानं मोबाइलची रेंजही जाते, कारण टॉवरची बॅटरी उतरते. जांभ्याच्या पायऱ्यांवर जे शेवाळ धरतं ते तुम्हाला दिसायला सुंदर, यांच्या गुडघ्यांना नाही. सायंकाळी सातनंतर वाडीत माणसाचा आवाज येत नाही, नुसती बेडकं. मला स्वतःला हे सगळं फार आवडतं. मी चार दिवस राहून परत येतो, म्हणून आवडतं, हेही कबूल करतो.

आता तुमची तीन गावं.

दापोली मी तिघांत धाकटं समजायचो, वयाबरोबर मत बदललं. गाव समुद्रावर नाही, सातआठशे फूट उंचावर आहे. इंग्रजांनी कॅम्प वसवला तो हवेसाठीच. जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. १९७२ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे आणि त्याचा फरक रोजच्या जगण्यात पडतो. बाहेरून आलेली, शिकलेली, भाड्यानं राहणारी माणसं गावाला सवयीची आहेत, त्यामुळे उपरेपण टोचत नाही. बाग करायची असेल तर खात्रीची रोपं आणि खात्रीचा सल्ला दारात मिळतो. घेतलंत तर घर दापोली गावात घ्या. मुरुड, कर्दे, लाडघरला समुद्र बघायला रिक्षानं जा. किनाऱ्याला लागून घर म्हणजे खाऱ्या वाऱ्याशी कायमची कुस्ती: फ्रिजची मागची जाळी, गेटचा कडी-कोयंडा, पंख्याचे स्क्रू, सगळं गंजून जातं. शिवाय किनाऱ्यालगत बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे, नियम आहेत, ते विकणारा सांगत नाही.

आणि वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडही झोडपून गेलं. लॉकडाऊनचे दिवस, पास काढून मी अकराव्या दिवशी पोचलो. आंजर्ल्याच्या वाटेवर ज्या वाडीत वीस वर्षं माझी माणसं जेवली, तिथं उभी पोफळ औषधालाही शिल्लक नव्हती. पोफळ वाकत नाही, मधेच तुटते. सगळी वाडी एकाच दिशेला तुटून पडलेली. मालक म्हणाले, "नवीन लावीन, पण सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं. तोवर मी असलो तर बरं." ते आहेत, आणि नव्या पोफळींना आता कुठे शिपटं धरू लागली आहेत. तुम्ही वाडी घेऊन तिच्या उत्पन्नावर घर चालवायचा हिशेब मांडणार असाल तर हे लक्षात ठेवा. माकड-वानरांचा हिशेब वेगळाच. त्यांच्यापायी निम्म्या कोकणानं परसातली भाजी लावणं सोडलंय.

दापोलीचा खरा उणेपणा म्हणजे अंतर. रेल्वे खेडला, तिथून तासभर. मोठ्या दुखण्याला चिपळूणच्या पुढे डेरवणचं रुग्णालय, म्हणजे रात्री-अपरात्री दोन तास धरून चला, तेही पावसात दरड नसेल तर. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही; मुलं शाळेत घातली तेव्हा रुंदीकरण सुरू झालं, ती आता कॉलेजात आहेत.

सावंतवाडीवर माझा जीव आहे. संध्याकाळी मोती तलावाच्या काठानं एक फेरी मारली की निम्मं गाव भेटतं. फेरी सपाट आहे, गुडघ्यांना चालेल. चितार आळीत लाकडी फळं रंगवणारे अजून बसतात. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, रंगवायची कला राजमाता सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी हट्टानं जगवली. दिवाळी झाली की जत्रा आणि दशावतार सुरू, रात्रीचे किती वाजले याचं भान राहत नाही. पूर्वी मी सावंतवाडी लांब म्हणून बाद करायचो. जानेवारी २०२३ पासून गोव्यातला मोपाचा विमानतळ चालू झाला आणि हे गाव एकदम जवळ आलं. तुमचा मुलगा मुंबई-दिल्लीहून दुसरं विमान पकडून मोप्याला उतरला की घर हाकेवर.

पण तिथल्या कुणालाही विचारा, जास्त आजारी माणसाला कुठे नेता? उत्तर एकच येईल: बांबोळीला. म्हणजे गोव्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. सिंधुदुर्गात 'बांबोळीला नेलंय' एवढंच म्हटलं तरी ऐकणारा गंभीर होतो. ओरोसला आता वैद्यकीय महाविद्यालय झालंय, हळूहळू चित्र बदलेल. दुसरी गोष्ट माणसांची. गणपतीत तुम्ही गेलात तर वाटेल, काय भरलेलं गाव आहे. घराघरात गणपतीवर फळापानांची माटवी बांधलेली, भजनं, फुगड्या, चाकरमान्यांच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. विसर्जनानंतर आठवड्याभरानं जा. आसपासच्या वाड्यांत दहातली सहा घरं कुलपात असतात आणि सुकलेली माटवी तशीच टांगलेली. सावंतवाडी शहर त्या मानानं जागं आहे, म्हणून शहरातच राहा. 'जरा बाहेर, निवांत' असं जे घर दलाल दाखवेल, तिथं तुमच्या शेजारी वर्षातले अकरा महिने कुणी नसेल.

वाईत मी स्वतः अकरा वर्षं राहतो, तेव्हा माझं मत पक्षपाती धरा. मी आलो तो दापोली हातातून गेल्यावर, ते पुढे सांगतो. वाईची गंमत पावसात कळते. वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून वाई तीसेक किलोमीटर, पण इथं त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. ढग डोंगरावर अडकून राहतात, खाली नुसती भुरभुर. दाराशी कृष्णा, मागे पांडवगड, पुण्याला दोन-अडीच तास, साताऱ्याला पाऊण. साताऱ्यात हृदयविकारापर्यंतचे उपचार होतात आणि त्यापुढचं पुण्यात. मला हवा-पाण्यापेक्षा हा मुद्दा जास्त पटला, कारण मी आलो तेव्हा आईला चालता येत नव्हतं.

गाव म्हणजे घाटांवर वसलेल्या आळ्या: गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, रामडोह. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव एका घाटावरून दुसऱ्यावर सरकत जातो, जेवणावळी, कीर्तनं, पालख्या. नव्या माणसाला गावात शिरायला याच्यासारखी वाट नाही. वाढपी कमीच पडतात, पदर खोचून उभ्या राहा, चार दिवसांत तुम्हाला सगळी आळी नावानं हाक मारेल. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी इथूनच उभं केलं, त्यामुळे वाचणारं, वाद घालणारं गाव अशी जुनी खोड अजून थोडी टिकून आहे. थंडी सरता सरता आजूबाजूला हळद शिजवायला घेतात, तेव्हा तो उग्र मातकट वास खिडकीतून घरात येतो. पाहुण्यांना तो सहन होत नाही. मला त्याशिवाय जानेवारी संपल्यासारखा वाटत नाही.

पूर येतो. धोम धरणाचं पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या आणि खालची देवळं पाण्यात जातात. घर बघताना ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागे जा. १७६२ साली रास्त्यांनी ते बांधलं. नदीकडची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी कापलं जावं म्हणून. त्या काळच्या माणसानं नदी किती ओळखली होती ते तिथं कळतं. हल्ली नदीकाठाला 'रिव्हर व्ह्यू' म्हणून फ्लॅट विकणाऱ्यांना एवढी ओळख नसते. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. त्या बोटाच्या वर घर घ्या.

वाईचा जाच म्हणजे शनिवार-रविवार. पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या पसरणीच्या घाटाखालून गावापर्यंत अडतात. मी शनिवारी सकाळी नऊनंतर गाडी काढत नाही, दूधसुद्धा शुक्रवारी रात्रीच आणून ठेवतो. आणि रेल्वे नाही. तुम्ही डोंबिवलीकर, तुम्हाला ते पहिलं वर्षभर बोचेल.

जरा विषयांतर. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. घाटावरच्या देवळात चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. नानांचं मूळ गाव मात्र वेळास, मंडणगड तालुक्यात, ऐन समुद्रावर. म्हणजे मूळ वेळासचं, वाडा मेणवलीत आणि कारभार पुण्यात. कुठे राहावं हा घोळ जुनाच आहे म्हणायचा.

तुम्ही न विचारलेलं एक गाव सुचवतो आणि तुम्ही नाक मुरडणार हे मला माहीत आहे: मिरज. तिथं समुद्र नाही, डोंगर नाही, फोटो काढावा असं फारसं काही नाही. पण वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं रुग्णालय काढलं, त्यानंतर गावात डॉक्टरांची जी परंपरा लागली ती आजही चालू आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि उत्तर कर्नाटकातून लोक इथं दाखवायला येतात. रेल्वेचं जंक्शन असं की पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारी दिशांना गाडी. आणि सतारमेकर गल्ली. पंढरपूरच्या बाजूचे वाळवलेले भोपळे टांगलेले असतात, खाली बसून एखादा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत असतो: घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा केसभर सरकवायचा. अर्धा अर्धा तास तेच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले, दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. माझ्या एका मोठ्या गिऱ्हाईकानं, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कोकण सोडून मिरज घेतलं, सगळे हसले. त्यांना त्यानंतर दोन अँजिओप्लास्टी लागल्या. आता कुणी हसत नाही. मात्र कृष्णेचा पूर तिथंही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी कुठे होतं ते विसरू नका, वरचा भाग बघा.

आता फिरण्याच्या जागा, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच होता. इथं मी गुडघे आणि रुग्णालयं सगळं बाजूला ठेवतो.

वेळास पुन्हा, पण नानांसाठी नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरतो. घरटी किनाऱ्यावर जाळीच्या कुंपणात आणून पुरतात, वर टोपली उपडी घालतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रोज सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात. कधी तीस-चाळीस पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली, वाळू माखलेली, काडेपेटीएवढी. ओल्या वाळूवर सोडली की डुगडुगत लाटेकडे निघतात, पहिली लाट त्यांना उलटवून परत आणते, तशीच पुन्हा निघतात. आणि कधी टोपलीखाली काहीच नसतं. एकदा एका गृहस्थांनी कासव निघालं नाही म्हणून माझ्याकडे पैसे परत मागितले होते. राहायचं गावातल्याच घरात, जेवायला ते वाढतील ते. एसी मागू नका.

दुसरी जागा कुणी विचारत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो: झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात धान कापून झालं की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्री नाटकं सुरू होतात. दिवाळीनंतर थेट होळीच्या सुमाराला संपतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं ठाणं. एका रस्त्याला ओळीनं कंपन्यांचे फलक. गावं तिथं येऊन तारीख ठरवतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री दहा-अकराला शेतातल्या मंडपात नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन तासांत उठू म्हणून गाडी चालू ठेवायला सांगितली होती. मधल्या गाण्याला तिसऱ्यांदा वन्समोअर मिळाला तेव्हा ड्रायव्हर स्वतःच गाडी बंद करून पुढच्या रांगेत येऊन बसला. पहाटे साडेपाचला नायिकेचा बाप मेला आणि आजूबाजूच्या बायका खरोखर रडत होत्या. पुण्यात नाटकाला नऊपर्यंत संपलं पाहिजे म्हणून कुरकुरणारे माझे लोक एका ओळीत शाल पांघरून बसलेले. जाताना नवेगावबांधला एक मुक्काम करा. तिथले तलाव कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, मालगुजारी तलाव म्हणतात त्यांना. गोंदियाच्या भातखाचरांत नशीब असेल तर सारस क्रौंचाची जोडी दिसते, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंच. ताडोब्याच्या जिप्सीत जे पैसे घालवाल त्याच्या निम्म्यात हे सगळं होतं. ताडोबाला जाऊ नका असं नाही. फक्त वाघ दिसलाच पाहिजे अशा तोंडानं जाऊ नका.

लोणार हिवाळ्यात पहाटे. समृद्धी महामार्गानं ते सोपं करून टाकलंय, मेहकरला उतरायचं. उल्केच्या आघातानं झालेलं पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद विवर, खाली खारं, क्षारयुक्त पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं. यांना खाली उतरवू नका, चढताना दम लागतो. काठावरून बघा आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ निवांत बघा, तिथं पायऱ्या कमी.

भंडारदऱ्याच्या काजव्यांना मी आता नेत नाही. मेअखेरीला झाडंच्या झाडं एका तालात उजळतात-विझतात, असं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण तो उजेड म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे, आणि आपण गाड्यांचे हेडलाइट लावून त्यांच्यात आरडाओरडा करतो. शेवटच्या वर्षी रस्त्यावर गाड्यांची रांग काजव्यांपेक्षा जास्त चमकत होती. कासच्या पठारालाही शनिवार-रविवार सोडूनच जा, सप्टेंबरात.

फिरणं राहू दे, पुन्हा घराकडे. दापोली हातातून कशी गेली ते सांगतो म्हटलं होतं. २००९ साली मी एक जुनं घर आणि अकरा गुंठे वाडी ठरवली. घर मंगलोरी कौलांचं, अंगणात बकुळ. दीड लाख इसार दिला. सातबारा बघितला होता, पण कसा, तर मालकाचं नाव आहे ना, एवढंच. त्या सातबाऱ्यावर सदतीस नावं होती. कोकणात हे नेहमीचं आहे: पणजोबांच्या नावची जमीन, वाटण्या तोंडी, कागदावर सगळे सामायिक. दलाल म्हणाला, सह्या मी आणतो. त्यानं एकतीस आणल्या. उरलेल्या सहांतले दोन वारले होते, त्यांच्या वारसांची नोंद नव्हती, एकजण मला भेटून गोड हसला आणि म्हणाला, "आमची सही राहिलीच म्हणायची." तीन वर्षं गेली, दीड लाखातले चाळीस हजार परत आले. बकुळ अजून तिथंच आहे.

म्हणून कागद सांगतो, थोडक्यात. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर गावाकडे जमीन असेल तर आधी तो उतारा शोधा. नसेल तर बिनशेती प्लॉट किंवा गावठाणातलं घर, आणि बिनशेतीचा आदेश स्वतः वाचायचा. सातबाऱ्यासोबत आठ-अ, म्हणजे खातेउतारा, आणि सगळे फेरफार मागा. जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली ते फेरफारात दिसतं. भोगवटादार वर्ग दोन असं लिहिलं असेल तर परवानगीशिवाय ती विकता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध आहेत, तिथं 'नंतर वाढवू' हे चालत नाही. वकील त्याच तालुक्याचा घ्या, पण विकणाऱ्यानं सुचवलेला घेऊ नका.

आणि घेऊच नका, निदान पहिलं वर्ष. डोंबिवलीचं घर विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. तिन्हीतलं एक गाव निवडा, माझं ऐकाल तर वाई किंवा सावंतवाडी शहर, आणि १ जूनपासून तीन महिन्यांसाठी साधं घर भाड्यानं घ्या. लॉज किंवा होमस्टे नको, तिथं दुसरं कुणी झाडून काढतं. स्वतःचा गॅस, स्वतःचा बाजार. पहिल्या आठवड्यात वायरमन, प्लंबर, रिक्षावाला आणि जवळचा एमडी डॉक्टर, चौघांचे नंबर मिळवा आणि काही काम नसताना एकदा एकदा बोलावून बघा. एकदा मुद्दाम रात्री नऊला रिक्षा मागवा. यांना रोज पावसात बाजारापर्यंत चालत जाऊ दे, सप्टेंबरात गुडघ्यांना विचारा.

एक राहिलं. मुलगा दर डिसेंबरला येतो म्हणता. या वर्षी त्याला डिसेंबरऐवजी ऑगस्टात बोलवा. घ्यायला विमानतळावर जाऊ नका, त्याचा तो येऊ दे. दारात पोचला की पाय धुवायला पाणी द्या, चहा द्या, आणि मग विचारा किती तास लागले.